इन्शुरन्स संपल्यावर औषधाचं भलंमोठं बिल आलं तर काय करायचं: अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी

जॉब बदलला किंवा लेऑफ झाला की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कधीतरी पोस्टात एक पाकीट येतं. आत फार्मसीचं बिल असतं. ज्या औषधाला तुम्ही इतके दिवस काउंटरवर पंधरा डॉलर कोपे (औषधाच्या किमतीतला तुमचा ठरलेला वाटा) देत होता त्याचे आता सहाशे-सातशे मागितलेले असतात, औषध घेऊन कधीच संपलेलं असतं, आणि कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की त्या तारखेला तुमचं कव्हरेज चालू नव्हतं. नवीन माणसाला हे पचतच नाही, कारण काउंटरवर पैसे दिले, पावती घेतली, म्हणजे व्यवहार मिटला असं आपण धरून चालतो. इथे तो मिटलेला नसतो.

यावर लोक दोनच गोष्टी करतात, एकतर घाबरून लगेच कार्ड काढून भरून टाकतात (व्हिसाची चिंता डोक्यावर असतेच, उगाच रेकॉर्ड खराब नको म्हणून), नाहीतर चिडून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात आणि विसरतात. प्लीज यातलं काहीच करू नका. भरलेले पैसे परत मिळवणं हे न भरलेलं बिल कमी करून घेण्यापेक्षा फार अवघड आहे, आणि ड्रॉवरमधलं बिल काही महिन्यांनी कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकलेली बिलं वसूल करणाऱ्या कंपनीकडे, जातं. या दोन्हीच्या मधे एक रस्ता आहे, थोडा किचकट आहे पण कुणालाही जमेल असा आहे, आणि बऱ्याच वेळा बिल एकतर पूर्ण रद्द होतं किंवा खूप खाली येतं.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या

फार्मसीत तुम्ही औषध घेता तेव्हा तिथला कॉम्प्युटर त्याच क्षणी तुमच्या प्लॅनच्या पीबीएमला विचारतो की हा माणूस कव्हर्ड आहे का, औषध कव्हर्ड आहे का, याच्याकडून किती घ्यायचे. पीबीएम म्हणजे औषधांचा हिशोब बघणारी कंपनी, मोठ्या तीन म्हणजे सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स. काही सेकंदात उत्तर येतं. पण पीबीएमला तुम्ही जॉब सोडलाय हे कोण सांगणार? तुमची कंपनी इन्शुरन्सवाल्यांना एक एन्रोलमेंट फाइल पाठवते, ती काही रोज अपडेट होतेच असं नाही, मग ती पुढे पीबीएमकडे जाते, आणि या सगळ्यात दिवस काय, आठवडेसुद्धा जातात. तेवढ्या काळात सिस्टिममध्ये तुम्ही ॲक्टिव्हच दिसता, औषध नेहमीच्या कोपेवर मिळतं, सगळं छान. मग फाइल पोचते, कव्हरेज मागच्या तारखेपासून बंद होतं, प्लॅन तो क्लेम (फार्मसीने त्यांच्याकडे केलेली पैशांची मागणी) उलटवतो, म्हणजे रिव्हर्स करतो, फार्मसीला दिलेले पैसे परत घेतो, आणि फार्मसी पूर्ण रकमेचं बिल तुम्हाला पाठवते. कधीकधी प्लॅन स्वतःच तुमच्याकडे पैसे मागतो.

दुसरा प्रकार मेल ऑर्डरचा. ९० दिवसांचं ऑटो रिफिल चालू राहिलेलं असतं, कव्हरेज संपल्यावरही खोका घरी येतो आणि सेव्ह केलेल्या कार्डावर पूर्ण किंमत चार्ज होते. तिसरा म्हणजे तुमच्याकडे नवीन कंपनीचा इन्शुरन्स आलेला असतो पण फार्मसीने जुन्यावरच क्लेम टाकलेला असतो. आणि चौथा, जो लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त वेळा घडतो, म्हणजे कुणीतरी तारीखच चुकीची टाकलेली असते.

स्टेप १: तारखा काढा, बाकी सगळं नंतर

बिलावरची बिल डेट विसरा, तिला काही अर्थ नाही. तुम्हाला हव्यात या तारखा: औषध फिल झालं ती तारीख, तुमचं कव्हरेज खरंच संपलं ती तारीख, आणि नवीन कव्हरेज असेल तर ते सुरू झालं ती तारीख. एका कागदावर एकाखाली एक लिहा. सगळं भांडण यावर ठरतं.

फिल झालं ती तारीख म्हणजे तुम्ही जाऊन घेतलं ती नव्हे हं, फार्मसीने क्लेम प्रोसेस केला ती. समजा ३० तारखेला फार्मसीने औषध तयार ठेवलं, तुमचं कव्हरेज ३१ ला संपलं, आणि तुम्ही ३ तारखेला जाऊन घेतलंत, तरी क्लेमवर तारीख ३० चीच असते आणि त्या दिवशी तुम्ही कव्हर्ड होता. हा मुद्दा फोनवर ठामपणे सांगा, समोरचा माणूस बऱ्याचदा पिकअपची तारीख वाचत असतो. आणि एखादं औषध तुम्ही घेतलंच नसेल तर फार्मसीने ते परत शेल्फवर ठेवून क्लेम रिव्हर्स करायला हवा, साधारण दहा-चौदा दिवसांत करतात. पिकअपच्या वेळी सही घेतात त्याचं रेकॉर्ड त्यांच्याकडे असतं, ते मागा.

कव्हरेज संपलं ती तारीख म्हणजे शेवटचा वर्किंग डे असेलच असं नाही. काही कंपन्यांत त्याच दिवशी संपतं, खूप कंपन्यांत त्या महिन्याच्या शेवटपर्यंत चालतं. हे सेपरेशन लेटरमध्ये किंवा बेनिफिट्सच्या पोर्टलवर असतं, नसेल तर एचआरला ईमेल करा, फोन नको, ईमेलच, कारण उत्तर लेखी हवंय. एक उदाहरण बघा: शेवटचा दिवस १२ मार्च, कंपनीच्या नियमाप्रमाणे कव्हरेज ३१ मार्चपर्यंत, पण कुणीतरी सिस्टिममध्ये १२ मार्च टाकली, आणि तुमचं औषध २० मार्चला फिल झालेलं. हे बिल तुमचं नाहीच. एचआरचं दोन ओळींचं पत्र मिळालं की विषय खलास.

आणि शेवटच्या पेस्लिप काढून ठेवा. ज्या महिन्याचं बिल आहे त्या महिन्याचा मेडिकल प्रीमियम पगारातून कापला गेलाय का ते बघा. कापला असेल तर तो तुमचा सगळ्यात दणकट पुरावा आहे, का ते पुढे सांगतो.

स्टेप २: फार्मसीकडून आयटमाइज्ड स्टेटमेंट घ्या

पोस्टात आलेल्या बिलावर बहुतेक वेळा एक आकडा आणि 'प्लीज पे' एवढंच असतं. त्यावर वाद घालता येत नाही. फार्मसीला सांगा की मला आयटमाइज्ड स्टेटमेंट पाहिजे, त्यात प्रिस्क्रिप्शन नंबर, औषधाचं नाव आणि एनडीसी नंबर (औषधाचा ओळख क्रमांक), क्वांटिटी, किती दिवसांचा सप्लाय, फिल डेट, आधी इन्शुरन्सला किती बिल केलं, त्यांनी किती दिले, आणि क्लेम कधी रिव्हर्स झाला, हे सगळं हवं. हे तुमचं स्वतःचं रेकॉर्ड आहे, हिपा या आरोग्य-माहितीच्या कायद्याखाली ते मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि सहसा ३० दिवसांत द्यावं लागतं.

अजून एक गोष्ट विचारा, रिजेक्ट कोड (क्लेम नाकारल्याच्या कारणाचा नंबर) काय आला? फार्मसीवाल्यांना हा प्रश्न ऐकला की समजतं की माणूस माहितगार आहे. ६५ म्हणजे पेशंट कव्हर्ड नाही, ६९ म्हणजे कव्हरेज टर्मिनेट झाल्यावर फिल केलं, ७५ म्हणजे प्रायर ऑथरायझेशन (डॉक्टरांमार्फत प्लॅनची आधी मंजुरी) लागतं, ७९ म्हणजे रिफिल फार लवकर. बिल कव्हरेज संपल्याचं म्हणून आलं असेल आणि कोड ७५ निघाला तर भांडण पूर्ण वेगळं आहे, मग डॉक्टरांच्या ऑफिसला कामाला लावायचं.

स्टेप ३: फोन, आणि कोणाला आधी

पहिला फोन फार्मसीच्या बिलिंगला. फक्त एवढंच म्हणायचं: हे बिल मी डिस्प्यूट करतोय, इन्शुरन्सशी बोलतोय, तोवर अकाउंट होल्डवर ठेवा आणि कलेक्शनला पाठवू नका. किती दिवस होल्ड ठेवणार ते विचारा आणि अकाउंटवर तशी नोट टाकायला लावा. फार्मसीवर राग काढू नका, बऱ्याचदा त्यांचे पैसे पीबीएमने आधीच काढून घेतलेले असतात आणि तेही अडकलेलेच असतात. काउंटरवरचा फार्मसिस्ट तुमच्या बाजूने असेल तर तो एका मिनिटात जे करतो ते कॉल सेंटरला आठवडाभर जमत नाही.

दुसरा फोन इन्शुरन्सला, कार्डाच्या मागच्या मेंबर सर्व्हिसेस नंबरवर. जुनं कार्ड टाकून देऊ नका म्हणतात ते यासाठीच. विचारायचं असं:

"माझी टर्मिनेशन डेट तुमच्याकडे काय दिसतेय?"
"ही तारीख तुम्हाला कोणी आणि कधी कळवली?"
"अमुक तारखेचा क्लेम कधी रिव्हर्स झाला आणि कारण काय लिहिलंय?"
"मला याचं डिनायल लेटर पाठवा, त्यात अपीलची मुदत लिहिलेली पाहिजे."

दुसरा प्रश्न विसरू नका. कंपनीने काय कळवलं आणि इन्शुरन्सने काय नोंदवलं यात फरक सापडला की अर्धी लढाई तिथेच संपते. प्रत्येक कॉलला तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि कॉल रेफरन्स नंबर लिहून घ्या. पुढच्या वेळी "तुमच्याच माणसाने मला असं सांगितलं" म्हणताना नंबर हातात असला की आवाजात आपोआप जोर येतो.

ॲक्सेंटचं टेन्शन घेऊ नका. हळू बोला, परत विचारा, "कॅन यू स्पेल दॅट" म्हणायला काहीच कमीपणा नाही. इंटरप्रिटरही मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि औषध बायकोचं किंवा नवऱ्याचं असेल तर प्रायव्हसीच्या नियमामुळे ते तुमच्याशी बोलणार नाहीत, भले पॉलिसी तुमच्या नावावर असो. ज्याचं औषध त्याला शेजारी बसवा, सुरुवातीलाच त्याने स्वतःचं नाव, जन्मतारीख सांगून "माझ्या वतीने हे बोलतील" असं म्हणायचं. आईवडिलांचंही तसंच.

स्टेप ४: तुमचा प्रकार कोणता ते ठरवा

इथे जरा नीट वाचा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि चुकीच्या दारात उभं राहिलात तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत राहतील.

नवीन इन्शुरन्स त्या तारखेला चालू होता: हे सगळ्यात सोपं. खूपदा नवीन कंपनीत कव्हरेज जॉइनिंगच्या दिवसापासून असतं पण कार्ड यायला तीन आठवडे लागतात, मधल्या काळात लोक जुनंच कार्ड दाखवतात. फार्मसीला नवीन कार्डावरचे बिन, पीसीएन, ग्रुप आणि मेंबर आयडी हे चारही नंबर द्या आणि जुन्या फिल डेटला रीबिल करायला सांगा. मागे किती दिवस जाऊन रीबिल करता येतं ते प्लॅनवर अवलंबून आहे, म्हणून यात टाळाटाळ नको. फार्मसी म्हणाली की आता सिस्टिम घेत नाही, तर नवीन प्लॅनच्या वेबसाइटवर मेंबर रीइम्बर्समेंटचा फॉर्म असतो, तो भरून आयटमाइज्ड स्टेटमेंट जोडून पाठवा. ती स्टेप दोनची कागदं इथे कामाला येतात. फक्त लक्षात घ्या, हा फॉर्म तुम्ही भरलेले पैसे परत करण्यासाठी असतो, म्हणजे आधी बिल भरावं लागेल, म्हणून आधी प्लॅनकडून हो म्हणून घ्या.

तारीख चुकली आहे: एचआरकडून लेखी घ्या की कव्हरेज अमुक तारखेपर्यंत होतं, आणि त्यांनीच इन्शुरन्सकडे करेक्शन पाठवावं असा आग्रह धरा. तुम्ही इन्शुरन्सला सांगून तारीख बदलत नाही, कंपनीच बदलू शकते. बदलली की फार्मसीला परत फोन, परत रीबिल.

प्रीमियम कापला पण कव्हरेज मागे जाऊन काढून टाकलं: हे अन्यायाचं आहे आणि कायदा तुमच्या बाजूने आहे. अफोर्डेबल केअर ॲक्टप्रमाणे मागच्या तारखेपासून कव्हरेज रद्द करणं, त्याला रिसिशन म्हणतात, हे फ्रॉड किंवा जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तरच चालतं, आणि तेव्हासुद्धा ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रीमियम न भरल्यामुळे किंवा जॉब सुटल्यावर नुसत्या पेपरवर्कच्या उशिरामुळे कव्हरेज मागे गेलं तर ते रिसिशन धरलं जात नाही, म्हणून पेस्लिप महत्त्वाची. त्या काळाचे पैसे तुमच्याकडून घेतलेत हे दाखवता आलं की त्यांना उशिराचं कारण सांगता येत नाही.

ऑटो रिफिलने घरी आलेलं औषध: एकदा बाहेर गेलेलं औषध फार्मसी पुन्हा विकू शकत नाही, त्यामुळे "परत घ्या" यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. वाद दोन गोष्टींवर घाला. एक, या शिपमेंटला मी हो म्हटलं होतं का, त्याचं रेकॉर्ड दाखवा. दोन, किंमत. क्रेडिट कार्डावर तुम्ही परवानगी न देता चार्ज झाला असेल तर फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टखाली स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी डिस्प्यूट करता येतो. डेबिट कार्डाला इतकं संरक्षण नसतं, म्हणून मेल ऑर्डरला डेबिट कार्ड लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोब्रा, ज्याकडे लोक बघतच नाहीत

आता समजा तारीख बरोबर आहे, नवीन इन्शुरन्स नव्हता, प्रीमियमही कापलेला नाही, म्हणजे खरंच कव्हरेज नव्हतं. तरीही एक मोठा दरवाजा उघडा असू शकतो, आणि त्याबद्दल वेळेत कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कोब्रा हा १९८५ चा कायदा, २० किंवा जास्त एम्प्लॉयी असलेल्या कंपन्यांना लागू. जॉब गेल्यावर तोच ग्रुप इन्शुरन्स सहसा १८ महिने स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो. प्रीमियम पूर्ण तुम्ही भरायचा, अधिक दोन टक्के, म्हणून आकडा बघून लोक कागद फेकून देतात. पण यातली गंमत तारखेत आहे. निवडायला किमान ६० दिवस मिळतात, नोटीस मिळाल्यापासून किंवा कव्हरेज संपल्यापासून, जे नंतरचं असेल ते. निवडल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. आणि एकदा निवडून पैसे भरले की कव्हरेज संपलं त्या दिवसापासून मागे जाऊन लागू होतं, मधे गॅप राहतच नाही. म्हणजे बिल हातात आल्यावरसुद्धा, मुदत चालू असेल तर, तुम्ही कोब्रा घेऊन ते बिल प्लॅनवर टाकू शकता.

हिशोब करा. बिल १,९०० डॉलरचं आहे, एका माणसाचा कोब्रा प्रीमियम महिना ६५० आहे, आणि औषध कव्हरेज संपल्यावरच्या पहिल्याच महिन्यात फिल झालंय. एक महिन्याचे ६५० अधिक कोपे भरून १,९०० सुटतात. प्लॅन तोच असल्यामुळे त्या वर्षात जेवढं डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम) भरून झालंय तेही तसंच धरलं जातं. पुढचे महिने नको असतील तर पैसे भरायचे थांबवायचे, कव्हरेज तिथे संपतं. पण औषध तिसऱ्या महिन्यात फिल झालं असेल तर पहिल्यापासून तीनही महिन्यांचे भरावे लागतील, मधलाच एक महिना निवडता येत नाही.

आणि हे तर फारच कमी लोकांना माहिती असतं: घरातला प्रत्येक जण वेगळा कोब्रा घेऊ शकतो. महागडं औषध फक्त बायकोला लागत असेल तर तिच्या एकटीपुरता घ्या, फॅमिलीचा प्रीमियम कशाला भरायचा.

नोटीस आलीच नाही? कंपनीला प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरला कळवायला ३० दिवस आणि त्यांना तुम्हाला पाठवायला १४ दिवस असतात. आपल्या लोकांचं होतं असं की लीज संपली, घर बदललं, एचआरकडे जुना पत्ता, पाकीट भलत्याच घरी. जॉब सुटताना पत्ता अपडेट करा. छोट्या कंपनीत असाल तर काही राज्यांचे स्वतःचे असेच कायदे आहेत, कॅलिफोर्नियात कॅल-कोब्रा आहे. कंपनीच बंद पडून प्लॅनच उरला नसेल तर मात्र कोब्रा नाही.

मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून स्वतः घ्यायचा इन्शुरन्स वेगळा, त्यालाही कव्हरेज गेल्यापासून ६० दिवस असतात आणि एच-वन-बीवाल्यांनाही घेता येतो, पण तो पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, मागे जात नाही, त्यामुळे आलेलं बिल त्याने सुटत नाही. आणि कोब्रा मधेच सोडणार असाल तर त्या ६० दिवसांच्या आत मार्केटप्लेसची निवड करून ठेवा, नंतर स्वतःहून सोडल्यावर ओपन एन्रोलमेंटपर्यंत (सगळ्यांना इन्शुरन्स घेता येतो तो वर्षातला ठरलेला काळ) थांबावं लागतं.

स्टेप ५: लेखी अपील

फोनवर "वी विल लुक इन्टू इट" शंभरदा ऐकलंत तरी कायद्याच्या दृष्टीने काहीच झालेलं नसतं. कंपनीच्या प्लॅनला एरिसा हा कंपन्यांच्या बेनिफिट्सचा केंद्राचा कायदा लागू होतो, त्यात डिनायल मिळाल्यापासून अपील करायला १८० दिवस असतात, आणि औषध आधीच घेतलेलं असेल अशा क्लेमच्या अपीलवर त्यांनी साधारण ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तुमच्या क्लेमची फाइल आणि प्लॅनचे संबंधित कागद फुकट मागता येतात, मागाच.

अपीलचं पत्र एका पानाचं पुरे. वर नाव, मेंबर आयडी, क्लेम नंबर. मग तीन-चार वाक्यांत तारखा क्रमाने. मग तुमचं म्हणणं एकाच वाक्यात, उदाहरणार्थ, फिल डेटला माझं कव्हरेज चालू होतं, सोबत एचआरचं पत्र आणि पेस्लिप जोडली आहे, क्लेम पुन्हा प्रोसेस करावा. लेऑफची सगळी कहाणी लिहू नका, किती त्रास झाला तेही नको, वाचणारा तारखाच शोधत असतो. सर्टिफाइड मेलने रिटर्न रिसीटसकट पाठवा आणि पोर्टलवरही अपलोड करा.

अपीलही नाकारलं आणि मुद्दा रिसिशनचा असेल तर बाहेरच्या स्वतंत्र रिव्ह्यूअरकडे जाता येतं, त्याला शेवटच्या नकारापासून चार महिने असतात.

स्टेप ६: बाहेर तक्रार

इथे एक प्रश्न एचआरला विचारायचा: प्लॅन सेल्फ-फंडेड (क्लेमचे पैसे कंपनी स्वतः देते) आहे की फुली इन्शुअर्ड (इन्शुरन्स कंपनी देते)? कार्डावर मोठ्या इन्शुरन्स कंपनीचं नाव असलं तरी पैसे तुमची कंपनीच देत असू शकते, मोठ्या कंपन्यांत तर बहुतेक तसंच असतं. सेल्फ-फंडेड असेल तर राज्याचं इन्शुरन्स डिपार्टमेंट हात वर करतं, तिथे केंद्राच्या लेबर डिपार्टमेंटचं एब्सा हे ऑफिस, फोन १-८६६-४४४-३२७२. त्यांचे बेनिफिट्स ॲडव्हायझर फुकट मदत करतात, कंपनीला स्वतः फोन करतात, आणि कोब्राची नोटीस आली नाही ही तक्रारही तिथेच जाते. फुली इन्शुअर्ड असेल तर राज्याचं इन्शुरन्स डिपार्टमेंट.

नो सर्प्रायझेस ॲक्टचं नाव बरेच जण घेतात. तो २०२२ पासून लागू आहे पण इमर्जन्सी, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भेटलेला नेटवर्कबाहेरचा डॉक्टर, एअर ॲम्ब्युलन्स वगैरेंसाठी आहे, फार्मसीच्या काउंटरवरच्या औषधाला तो उपयोगी नाही. पत्रात तो टाकू नका, तुमचा खरा मुद्दा कमजोर होतो.

कलेक्शनवाल्यांचा फोन आला तर

फोनवर काहीही कबूल करू नका, आणि "पन्नास डॉलर तरी भरा" म्हटलं तरी भरू नका, कारण बऱ्याच राज्यांत थोडे पैसे भरले की वसुलीची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत त्यांनी लेखी व्हॅलिडेशन नोटीस (बिल कोणाचं आणि किती ते सांगणारी) द्यावी लागते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी डिस्प्यूट केलात की पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हा १९७७ चा फेडरल कायदा आहे, पण तो कलेक्शन एजन्सीला लागू, फार्मसीच्या स्वतःच्या बिलिंग डिपार्टमेंटला नाही.

क्रेडिट स्कोअरची भीती सगळ्यांना असते, नवीन माणसाचा स्कोअर आधीच नाजूक. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तिन्ही कंपन्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये ठरवलं की मेडिकल कलेक्शन एक वर्ष झाल्याशिवाय रिपोर्टवर येणार नाही, भरलेलं काढून टाकायचं, आणि ५०० डॉलरच्या आतलं दाखवायचंच नाही. सगळं मेडिकल कर्ज रिपोर्टवरून काढायचा सरकारी नियम मात्र जुलै २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला, तो जुना मेसेज व्हॉट्सॲपवर अजून फिरतोय, त्यावर विसंबू नका. म्हणजे तुमच्याकडे वर्षभर शांतपणे लढायला वेळ आहे, पण कायमचा नाही.

बिल खरंच तुमचंच निघालं तर

तरीही छापलेला आकडा भरायचा नसतो. त्या बिलावर फार्मसीची पूर्ण किंमत लावलेली असते, जी जवळपास कुणीच देत नाही. फार्मसिस्टला विचारा की याच तारखेला डिस्काउंट कार्डवर, गुडआरएक्ससारख्या, रन करून किती येतं. जेनेरिक औषधांत तर फरक थक्क करणारा असतो. जुना क्लेम परत रन करता येत नाही म्हणाले तर तीच किंमत दाखवून मॅनेजरकडे ॲडजस्टमेंट मागा, आणि उरलेल्यासाठी बिनव्याजी हप्ते. ठरलं की ईमेलवर घ्या, मगच पैसे. एचएसएमध्ये (वैद्यकीय खर्चासाठीचं टॅक्स-फ्री बचत खातं) पैसे असतील तर ते वापरता येतात, जॉब गेला तरी ते अकाउंट तुमचंच असतं आणि त्यातून कोब्राचा प्रीमियमही भरता येतो.

जॉब सुटतोय हे कळल्या दिवशी

कव्हरेज चालू असताना रोजची औषधं भरून घ्या, डॉक्टरांना ९० दिवसांचं लिहून मागा. सगळ्या फार्मसी ॲपमध्ये ऑटो रिफिल बंद करा, सेव्ह केलेलं कार्ड काढा, जुना इन्शुरन्स प्रोफाइलमधून डिलीट करायला सांगा. कव्हरेज संपल्याचं पत्र डाउनलोड करा, कंपनीचं लॉगिन गेलं की ते मिळवायला नाकी नऊ येतात.

आणि बिलाच्या धास्तीने औषध बंद करू नका, विशेषतः डायबेटिस, बीपी, थायरॉइड, फिट्स, डिप्रेशनची. लिली आणि सनोफीचे इन्शुरन्स नसलेल्यांसाठी महिन्याला ३५ डॉलरमध्ये इन्सुलिन देणारे प्रोग्रॅम आहेत. बाकी औषधांना डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून सरळ सांगा की सध्या इन्शुरन्स नाही, स्वस्त जेनेरिक आहे का. जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर उत्पन्नाप्रमाणे फी घेतं, आणि बऱ्याच सेंटरमध्ये औषधंही कमी दरात मिळतात, तिथे जाताना शेवटची पेस्लिप किंवा लेऑफचं पत्र सोबत न्या.